समोरचा भिडू

बोरखेडीत गुढीपाडव्याला सालगडी ठरायचे, तशा म्हस्कूच्या मेंढ्याही ठरायच्या. सालगडी ठरायचे घासाघीस करून, मेंढ्या ठरायच्या पत्त्यांवर. बाहेरच्या माणसाला हे ऐकून हसू यायचं, पण बोरखेडीला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. म्हस्कू धनगर दर पाडव्याला तीनशे मेंढरं घेऊन दुधनेच्या काठानं वर यायचा. मोकळ्या रानात ती नऊ राती बसली की लेंडी-मुतानं माती अशी व्हायची, की दोन वर्षं रान मागं बघायचं नाही. मेंढ्या आपल्याकडंच बसाव्यात म्हणून एके काळी भावकीत कुऱ्हाडी निघाल्या होत्या. तेव्हा जुन्या माणसांनी ठरवून टाकलं, की भाव सगळ्यांना एकच, रातीला चार पायल्या जवारी. आणि मेंढ्या कुणाच्या, ते पाडव्याच्या दुपारी मारुतीच्या पारावर मेंढीकोट खेळून ठरवायचं. नाहीतर रखमाजीसारख्या दीडशे एकरवाल्यानं दुप्पट जवारी ओतून म्हस्कूला वर्षानुवर्षं बांधूनच ठेवलं असतं.

मेंढीकोट म्हणजे चार गड्यांचा खेळ. समोरासमोर बसलेले दोघं एकमेकांचे भिडू. पत्त्यांमधल्या चार दश्श्यांना म्हणायचं मेंढ्या, आणि ज्या जोडीनं तीन मेंढ्या धरल्या तिचा डाव. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात जास्त त्यांचा. तीन डाव व्हायचे, त्यांतले दोन जिंकले की झालं. पट्टीवर, म्हणजे खेळाच्या घोंगडीवर, पैसा नसायचा, म्हणून परतूरहून आलेला जमादारसुद्धा कडेला बसून पान लावत खेळ बघायचा.

जिंकलेल्या जोडीनं राती वाटून घ्यायच्या. पहिल्या नऊ एकाच्या रानात, दुसऱ्या नऊ दुसऱ्याच्या. रामनवमीला म्हस्कूचा भाऊ आबाराव निम्मी मेंढरं घेऊन जांबेच्या वाटेला लागायचा, म्हणून पहिल्या नऊ राती खऱ्या आणि दुसऱ्या नऊ उरल्यासुरल्या.

रामकिसन आणि धर्मराज ही या खेळातली नावाजलेली जोडी. दोघांची रानं शेजारी, दोघांची लग्नं एकाच मांडवात झालेली, आणि गावात कुणी एकाला हाक मारली की दुसरा आपसूक मान वळवायचा. ओळीनं सात पाडवे त्यांनी जिंकले होते. लोक म्हणायचे, मनातलं कळतं एकमेकांच्या! मनातलं कुणाच्या बापाला कळतं? दोघांच्या खुणा होत्या. हातात ज्या रंगाचं एकही पान नाही, त्या रंगाची खूण करायची. मग समोरच्यानं तोच रंग उतरायचा, आणि ह्यानं हुकमाचं पान टाकून हात मारायचा. कधी कान खाजवायचा, कधी मिशीवरून बोट फिरवायचं, कधी गुडघा चोळायचा, कधी पटका सारखा करायचा. लबाडी होती ही, सरळ सरळ लबाडी. पण रामकिसनला विचाराल तर तो म्हणाला असता, की लबाडी ती दुसऱ्याशी. धर्मराजशी तो आयुष्यात खोटं वागला नव्हता. आपल्या मैत्रीतली सगळ्यात पक्की गोष्ट कोणती, तर ह्या खुणा, असं त्याला मनापासून वाटायचं.

मात्र गेले दोन पाडवे ही जोडी हरली होती. दोन्ही साली मेंढ्या रखमाजीच्या काळ्याभोर रानात बसल्या. तिथं त्या बसल्या काय आणि न बसल्या काय, सारखंच. इकडं रामकिसनचं टेकाडाखालचं रान उघडं पडलं. त्या सहा एकरांतले गोटे त्यानं आणि त्याची बायको सोनूबाईनं दोन उन्हाळे वेचले होते. रान तयार झालं आणि खताविना तसंच राहिलं. पहिल्या साली कपाशी गुडघ्याला लागली नाही, दुसऱ्या साली तेवढीही आली नाही. औंदा सोनूबाईनं स्पष्टच सांगितलं होतं.

"औंदा मेंढ्या न्हाई बसल्या तर त्या रानात बी टाकू नका. मी जाईन रखमाजीच्या खुरपणीला. माणसं काय म्हनतील ते म्हनतील."

तिनं ते रागानं म्हटलं नव्हतं, म्हणून जास्त लागलं. तिच्या माहेरची बाई आजवर दुसऱ्याच्या बांधावर खुरपं घेऊन गेली नव्हती.

पाडव्याच्या आधी आठ दिवस त्यानं धर्मराजला आपल्या रानातल्या खोपीत बोलावलं. खोपीत दोघांशिवाय चिटपाखरू नव्हतं.

"धर्मा, दोन सालं आपुन हरलो. कुणीतरी आपल्या खुणा वळखल्या असतील. बदलून टाकू."

"बदलू की," धर्मराज म्हणाला.

मग त्यांनी सगळं उलटं केलं. कान म्हणजे पूर्वी इस्पिक होतं, ते आता बदाम. मिशी म्हणजे चौकट. गुडघा किल्वर, पटका इस्पिक. धर्मराजनं दोनदा घोकून दाखवलं आणि एकदाही चुकला नाही.

पाडव्याला गुढ्या उभ्या राहिल्या, पुरणपोळ्या झाल्या, आणि उन्हं कलायच्या आत सगळं गाव पारावर जमलं. पार भरला तसा खालीही माणूस मावेना. म्हस्कू काठीवर हनुवटी टेकून एका अंगाला उभा राहिला. त्याची मेंढरं नदीच्या पलीकडं बसवलेली होती आणि त्यांचा आवाज इथवर येत होता. घोंगडी अंथरली गेली. एका बाजूला रखमाजी, समोर त्याचा भिडू बद्रीनाथ, ज्याचं परतूरच्या रस्त्याला किराणाचं दुकान होतं. दुसऱ्या दोन बाजूंना रामकिसन आणि धर्मराज.

"दोन सालं झाली किसन, औंदा तरी उघडतो का डोळे?" रखमाजीनं टोमणा मारला. लोक हसले. धर्मराजही हसला, थोडासा.

पहिला डाव रामकिसनच्या जोडीनं मारला. पानंच तशी आली होती. खुणेची गरजच पडली नाही.

दुसऱ्या डावाला हुकूम होता इस्पिकचा. रामकिसनच्या हातात किल्वरचं एकही पान नव्हतं. त्यानं सावकाश गुडघा चोळला आणि धर्मराज कधी किल्वर उतरतो याची वाट बघत बसला. पण उतारी होती बद्रीनाथची. बद्रीनाथनं एक पान चिमटीत धरून अर्धं वर काढलेलं होतं. ते टाकायच्या आधी त्यानं नजर उचलली. दुसऱ्या गड्याच्या तोंडाकडं बघणं हे खेळणाऱ्याचं नेहमीचंच असतं, त्यात काही विशेष नाही. बद्रीनाथनं तोंडाकडं बघितलंच नाही. त्यानं बघितलं रामकिसनच्या गुडघ्याकडं. मग अर्धं वर आलेलं पान त्यानं परत आत सरकवलं आणि चौकटची राणी टाकली.

चार हात झाल्यावर ते आत सरकवलेलं पान बाहेर आलं, आणि तो होता किल्वरचा बादशाह.

तो डाव ते हरले. पत्ते पिसले जात होते, कुणीतरी पाण्याचा तांब्या फिरवला, पारावर बोलण्याचा कालवा चालला होता. रामकिसनच्या कानावर त्यातलं काही पडत नव्हतं. आधी त्यानं स्वतःची समजूत घातली, की बद्रीनाथ दुकानदार माणूस, गिऱ्हाइकाची नजर वाचणारा. दोन सालं बघून बघून त्यानं ओळखलं असेल. पण लगेच त्याचं त्यालाच कळलं, की गुडघा म्हणजे किल्वर ही खूण दोन सालांची नव्हती. ती फक्त आठ दिवसांची होती. ती खोपीत ठरली होती, आणि खोपीत माणसं दोनच होती.

त्यानं समोर बघितलं. धर्मराज तंबाखू मळत होता. मान खाली, अंगठा तळहातावर गोल गोल. हा माणूस त्याच्या लेकीच्या आजारपणात तीन कोस चिखल तुडवून वैद्याला घेऊन आला होता. ह्या माणसाच्या जनावरासाठी रामकिसननं स्वतःचा कडबा उपसून दिला होता. केसानं गळा कापणं म्हणतात ते दुसरं काय असतं? आणि गंमत बघा, ओरडायचीही सोय नव्हती. "ह्यानं आमच्या खुणा विकल्या" असं पारावर उभं राहून सांगायचं, तर आधी हे कबूल करायचं की आमच्या खुणा होत्या, आणि सात पाडवे आम्ही गावाला फसवलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायचा, एवढंच हातात उरलं होतं.

"वाटा ना पानं. कोणाची वाट बघून राह्यले?" रखमाजी म्हणाला.

तिसरा डाव. हुकूम निघाला किल्वरचा. रामकिसननं पानं उचलली. त्यानं ती मांडीशी टेकवली आणि रंगवार लावली. बदामची चार पानं होती, हुकूम बरे होते, इस्पिक जेमतेम. चौकटचं मात्र एकही पान नव्हतं. खरी खूण केली असती तर बोट मिशीकडं गेलं असतं.

त्यानं बराच वेळ कसलीच खूण केली नाही. हात होत गेले. इस्पिकची मेंढी त्यांनी धरली, हुकमाची मेंढी तर रामकिसनच्याच हातात होती, ती त्यानं सोडवली. दोन मेंढ्या झाल्या. तिसरी आली की डाव आपला. पण हात रखमाजीच्या जोडीकडं जास्त गेले होते. उरलेल्या दोन्ही मेंढ्या, बदामची आणि चौकटची, त्यांनी सुखरूप नेल्या असत्या तर मेंढ्या झाल्या असत्या दोन-दोन आणि हातांवर रखमाजी जिंकला असता. लोक पुढं सरकले. म्हस्कूनं काठी या हातातून त्या हातात घेतली.

उतारी आली रखमाजीवर. त्याच्याजवळ बदामचा आणि चौकटचा असे दोन एक्के आहेत, हे आता पारावरच्या पोरासोरांनाही कळत होतं. एक्का टाकायचा, समोरून बद्रीनाथनं त्यावर मेंढी टाकायची, आणि हात घरात घ्यायचा, एवढं सोपं काम. भीती एकच होती. शेवटचं पान रामकिसनचं, आणि त्याच्या हातात एक हुकूम शिल्लक होता. ज्या रंगात रामकिसनचा हात कोरा असेल त्या रंगाची मेंढी मरणार.

रखमाजीचं बोट दोन एक्क्यांवरून फिरत होतं.

रामकिसननं डोकं वाकडं केलं आणि डावा कान खाजवला. नीट, सावकाश, कान खाजवावा तसा. म्हणजे बदाम. म्हणजे माझ्याकडं बदाम नाही. खरं तर त्याच्या हातात अजून बदामची दोन पानं होती.

धर्मराजनं ती खूण बघितली. बद्रीनाथनं बघितली. आणि रखमाजीनं डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितली. त्याचं बोट बदामच्या एक्क्यावरून उठलं, शेजारच्या पानावर गेलं, आणि चौकटचा एक्का घोंगडीवर पडला. धर्मराजनं चौकटची पंजी टाकली. बद्रीनाथ तर इतका निर्धास्त होता, की त्यानं चौकटची मेंढी टाकताना ती एक्क्याशेजारी नीट लावून ठेवली.

रामकिसननं हुकमाची तिर्री टाकली.

मग पारावर जो गलका उठला, त्यानं पिंपळावरचे कावळे उडाले. "तिर्रीनं मारला! तिर्रीनं!" माणसं एकमेकांच्या पाठी बडवायला लागली. रखमाजीचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. त्याच्या ओठावर शिवी आली आणि तिथंच थांबली, कारण तो तरी काय म्हणणार? कान खाजवलास आणि कोरी निघाली चौकट, असं म्हणायचं? विकत घेतलेल्या मालाची तक्रार चार माणसांत कशी करायची? त्यानं उरलेली पानं घोंगडीवर टाकली आणि जोडे शोधायला लागला.

धर्मराज रामकिसनकडं बघत नव्हता. तो त्या तिर्रीकडं बघत होता. त्याला कळलं होतं, आणि त्याला कळलंय हे रामकिसनलाही कळलं होतं. दोघांमध्ये एक हात अंतर होतं आणि भोवती गाव नाचत होतं.

जिंकणाऱ्या भिडूंनी साखरेची गाठी मोडून एकमेकांना भरवायची, ही पारावरची रीत. पुजाऱ्यानं गाठी आणून दिली. धर्मराजनं तुकडा मोडला आणि पुढं केला. त्याची बोटं गार होती. रामकिसननं तोंड उघडलं आणि तो तुकडा खाल्ला. न खाऊन करतो काय? दोनशे माणसं बघत होती. मग त्यानंही एक तुकडा मोडून समोरच्याच्या तोंडात घातला.

"जोडी असावी तर अशी," म्हस्कू म्हणाला. साधा माणूस, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "माह्या मेंढ्यांचं पुण्य बरं, तुमच्या रानात बसत्यात. मंग, पहिल्या राती कोनाच्या?"

"किसनच्या," धर्मराज घाईनं म्हणाला.

उन्हं उतरली तशी मेंढरं नदी ओलांडून टेकाडाखालच्या रानात शिरली. सोनूबाई बांधावर पदर खोचून उभी होती. तिनं मेंढरांवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. तिचा चेहरा असा फुललेला रामकिसननं दोन वर्षांत बघितला नव्हता.

"भाऊजी, उद्या आमच्याकडंच जेवायला या बरं का, सगळ्यांना घेऊन," ती धर्मराजला म्हणाली. "तुमची साथ व्हती म्हनून झालं हे."

धर्मराजनं नुसती मान हलवली. ती घरी गेली. म्हस्कू लांब मेंढरांभोवती जाळं ताणत होता. बांधावर दोघंच राहिले.

"काय दिलं रं त्यानं तुला?" रामकिसननं विचारलं.

धर्मराजनं बांधावरचं एक ढेकूळ पायानं फोडलं. मग म्हणाला, "मोटंची पाळी. त्याच्या हिरीवर. आठवड्याला दोन दिस."

"पान्यासाठी?"

"माह्याकडं हीर न्हाई, किसन. तुला ठावं हाय." त्यानं पहिल्यांदाच वर बघितलं. "सात सालं जिंकलो आपुन. सातही सालं पहिल्या नऊ राती तुह्या रानात. मला कायम अर्धी मेंढरं. एकदा इचारलं व्हतं तुला, औंदा माह्याकडं पहिलं बसू दे. तू म्हनला, पुढल्या साली बघू."

रामकिसनला ते आठवेना. विचारलं असेल. तो म्हणालाही असेल. म्हणताना त्याच्या मनात काहीच आलं नसेल, म्हणून तर आठवत नव्हतं. एवढं त्याला स्वतःशी मान्य करावं लागलं, पण त्यानं छातीतली आग तसूभरही कमी झाली नाही.

"मंग भांडायचं व्हतं माह्याशी. शिव्या द्यायच्या व्हत्या. डोस्क्यात धोंडा घालायचा व्हता."

"व्हय," धर्मराज म्हणाला. "तसं कराया पायजे व्हतं."

"कवापासून?"

धर्मराज लांब म्हस्कूच्या जाळ्याकडं बघायला लागला.

"धर्मा, कवापासून सांगून राह्यला त्याला?"

"तिसरं साल हाय हे."

रामकिसन बांधावर बसला. आतापर्यंत त्याला वाटत होतं, की हे ह्याच साली झालं. नव्या खुणा ठरल्या आणि त्यानं मोह पडून विकल्या. तिसरं साल म्हणजे दोन्ही हरलेले पाडवे. म्हणजे कपाशी जळाली ती. सोनूबाईनं खुरपणीला जाईन म्हटलं ते. आणि त्याहून वाईट म्हणजे गेल्या पाडव्यानंतरची ती सकाळ. हरल्याच्या दुसऱ्या दिवशी तो धर्मराजच्या दारात गेला होता. त्याच्या डोक्यातून जातच नव्हतं, की आपल्या हातून खूण चुकली, आपल्यामुळं धर्मराजचंही रान खताविना राहिलं.

"मी तुह्या पाया पडलो व्हतो," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. "तुह्या उंबऱ्यावर. चूक माही झाली म्हनून रडलो व्हतो मी. आन् तू मला उठवलं. पानी दिलं. म्हनलास, जाऊ दे किसन, व्हतं एखाद्या वक्ती. माफ केलं तू मला!"

धर्मराजचं तोंड वेडंवाकडं झालं. तो रडत होता की काय, अंधारून आलं होतं, नीट दिसलं नाही. रामकिसनला त्याची पर्वाही नव्हती. ह्या माणसानं पाण्यासाठी खुणा विकल्या, ते एक वेळ गिळता आलं असतं. पण ज्याचा गळा कापला त्यालाच क्षमा करायची, आणि वर त्याचे डोळे पुसायचे, हे त्याला कुठंच ठेवता येईना.

म्हस्कू जाळं बांधून हात झटकत त्यांच्याकडं आला. दोघं बांधावर शेजारी शेजारी बघून त्याला बरं वाटलं असावं. सकाळी आबारावशी बोलायचं होतं, पुढल्या सालचा मुक्काम त्याला आतापासून जुळवावा लागायचा.

"एक इचारायचं राह्यलं," तो म्हणाला. "पुढल्या पाडव्याला बी पट्टीवर तुमीच दोघं बसनार ना? बराबर सांगा. तुमी असल्यावर मला घोर न्हाई."

रामकिसननं धर्मराजकडं बघितलं नाही. नाही म्हटलं तर म्हस्कू विचारणार, का? उद्या सगळं गाव विचारणार, परवा सोनूबाई विचारणार, आणि ह्या 'का'ला देता येईल असं एकही उत्तर दोघांपैकी कुणाजवळ नव्हतं.

"व्हय," दोघं एकदमच म्हणाले.